साडूभाऊंचा न फिरणारा चेंडू

चेंडू फिरत होता. सहा वर्षं, दर रविवारी, जवळजवळ प्रत्येक चेंडू फिरत होता आणि मी "नाही फिरला" म्हणत होतो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, कारण ज्यांच्याशी मी खोटं बोललो ते तिच्या सख्ख्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे थोरले साडू. आणि आमच्या साडूंइतका नकलबॉलवर जीव टाकणारा माणूस न्यूझीलंडात तर नाहीच, पण विषुववृत्ताच्या या बाजूला दुसरा कुठे असेल असं मला वाटत नाही.

नकलबॉल म्हणजे बेसबॉलमधला एक विक्षिप्त चेंडू. बाकीचे पिचर चेंडूला गरगरा फिरवून किंवा जीव खाऊन फेकतात. नकलबॉलवाला तो नखांच्या टोकांत धरतो आणि अजिबात न फिरवता हळूच सोडून देतो. न फिरणाऱ्या चेंडूच्या शिवणीच्या टाक्यांना वारा लागतो आणि तो हवेत हेलकावत जातो. कुठे जाणार हे फलंदाजाला कळत नाही, मागे उकिडवा बसून झेलणाऱ्या कॅचरला कळत नाही आणि टाकणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. साडूंना हा चेंडू भेटला तो वयाच्या पन्नाशीत, एका निवांत दुपारी टीव्हीवर, आणि ते सोफ्यावरून उठून उभे राहिले. त्याला कारण होतं. पुण्यात फार्मसी शिकताना ते कॉलेजच्या संघात लेगस्पिन टाकत. म्हणजे लेगस्पिनचा सगळा समारंभ करत, बाह्या सरसावत, बोटं चाटत, क्षेत्ररक्षकांना हातवारे करून इकडचे तिकडे करत. चेंडू मात्र टप्पा पडल्यावर नाकासमोर सरळ जाई. "साडूभाऊ," ते मला त्या दिवशी फोनवर म्हणाले, "माझ्यात खोट नव्हती हो. मी चुकीच्या खेळात होतो!"

तेव्हापासून त्यांनी नखं राखली. हॉस्पिटलच्या फार्मसीत औषधं मोजणारा हा गृहस्थ उजव्या हाताची दोन नखं कानशीने घासतो आणि त्यांवर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन थर देतो. नखांना धक्का नको म्हणून ते भांडी घासत नाहीत, कोळंबी सोलत नाहीत आणि पाहुण्यांच्या गाडीचं दारसुद्धा डाव्या हाताने उघडतात. ताई, म्हणजे माझी मेहुणी, एकदा म्हणाली, "लग्नात मेंदी काढायला ह्यांनाच बसवायला हवं होतं."

शनिवारी दुपारी आम्ही सँडरिंगहॅमला मिठाईच्या दुकानात भेटतो. बायका किराणा भरतात आणि आम्ही कचोऱ्या घेऊन जगातला सर्वश्रेष्ठ नकलबॉलर कोण यावर भांडतो. साडूंची दहाजणांची यादी आहे, पण जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसे ते या दहांपैकी कुणाचंही नाव घेत नाहीत. पहिले "थोरले", म्हणजे दोघा नकलबॉलर भावांपैकी मोठे, जे केस पिकले तरी टाकतच राहिले. दुसरे "बदलीवाले", सामना अडला की मधेच येऊन तो सोडवणारे. तिसरे "पुनर्जन्मवाले", ज्यांची कारकीर्द संपल्यात जमा होती आणि ती या एका चेंडूने परत उभी केली. मी बदलीवाल्यांचा. खरं तर माझं कुणावाचून अडत नव्हतं, पण समोर विरोधी पक्ष नसला तर साडूंना कचोरी गोड लागत नाही. "अहो, बदलीवाले अर्धा तास येणार आणि जाणार," ते टेबलावर बोट आपटत. "थोरल्यांनी रात्रंदिवस संसार केलाय!" मी म्हणे, "अर्ध्या तासात जास्त कॅचर रडवलेत त्यांनी." यावर ते दुसरी कचोरी उचलत, कारण मोठेपण मोजायचं त्यांचं माप हेच होतं. चेंडू खरा की खोटा याची साक्ष फक्त कॅचरची. फलंदाज सबबी सांगतो, प्रेक्षक लांब असतात, टाकणारा स्वतःच्या प्रेमात असतो. टाके फिरले की नाहीत हे शेवटपर्यंत बघतो तो एकटा कॅचर.

आणि साडूंचा कॅचर मी होतो. मी बॉटनी डाउन्सला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, दिवसभर लोकांना "हे स्पष्ट दिसतंय की ते?" विचारतो. "तुमची नजर सर्टिफाइड आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात बशीएवढ्या नव्हे, चांगल्या परातीएवढ्या आकाराचा हातमोजा चढवला आणि रविवारी सकाळी हिल्सबरोच्या त्यांच्या घराजवळच्या मैदानावर नेलं. जूनची थंडी, पायाखाली चिखल, घरी ताईने पोहे केलेले. पहिला चेंडू आला. लाल टाके मला स्वच्छ दिसले, भिंगरीसारखे. ज्या माणसाचा लेगब्रेक उभ्या आयुष्यात वळला नाही, त्याचा नकलबॉल मात्र फिरत होता. तिकडून हाक आली, "फिरला?" मी म्हणालो, "नाही."

हे मी त्यांचं मन राखायला केलं असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर गुडघे दुखत होते आणि पोहे निवत होते. "फिरला" म्हटलं असतं तर आणखी पन्नास चेंडू झेलावे लागले असते. पुढच्या रविवारी पुन्हा "नाही" म्हणावं लागलं, कारण आदल्या रविवारी म्हटलं होतं. साडू दोन्ही हात वर करून चिखलात नाचत आणि घरी आल्यावर ताईला सांगत, "आज एकही फिरला नाही!" पोह्यांवर मला जरा जास्तच खोबरं मिळे.

गेल्या उन्हाळ्यात जवळच्या एका बेसबॉल क्लबाने सगळ्यांसाठी मैदान खुलं ठेवलं होतं. साडूंनी फार्मसीतल्या सगळ्यांना बोलावलं, नखांना तिसरा थर दिला आणि मला समोर बसवून चेंडू टाकला. त्यांची मुलगी युनिव्हर्सिटीत शिकते. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. तिने फोनवर तो चेंडू संथ गतीने टिपला आणि सगळ्यांना दाखवला. "बाबा, इट्स स्पिनिंग हीप्स!" म्हणजे चिक्कार फिरतोय.

हशा झाला. साडू मात्र जराही डगमगले नाहीत. "बेटा, फोनला काय कळतंय? माझे साडू सहा वर्षं बघतायत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा हो ह्यांना."

फोन माझ्या नाकासमोर होता. टाके गरगरत होते. मी म्हणालो, "नाही फिरला." मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावर माझ्याकडे चष्मा नाही. लोक आता आम्हा दोघांना हसत होते आणि साडूंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

माणसं पांगल्यावर क्लबाचे म्हातारे कोच माझ्याजवळ आले. त्यांनी आयुष्यभर पिचर घडवलेले. ते हळू आवाजात म्हणाले की तुमच्या भावाचा हात चांगला आहे, फक्त सोडताना अनामिका चेंडूला घासते. ती जरा उचलली की झालं, महिन्याभराचं काम. "इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं. मी हातमोजा काढत राहिलो.

मार्चमध्ये साडूंचा खांदा धरला. फिजिओने हिवाळाभर चेंडूला हात लावायची बंदी केली आहे, सप्टेंबरात परत टाकता येईल म्हणतात. नखं रोज घासली जातात. शनिवारचं भांडण चालू आहे. परवा त्यांनी यादीच्या कागदावर दहाव्या नावाखाली एक रेघ मारली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "हौशी विभाग: अस्मादिक." म्हणाले, "साक्षीदार नसता ना साडूभाऊ, तर एवढं लिहायची छाती झाली नसती." मी कागद वाचला, घडी करून त्यांना परत दिला आणि बदलीवाल्यांचा विषय काढला. त्यांचा चेहरा लगेच उजळला.

सप्टेंबर उजाडण्याआधी त्यांच्यासमोर बसून, फोनवर नाही, बायकोमार्फत नाही, मला त्यांना खरं सांगायचं आहे आणि कोचांनी सांगितलेलं ते बोटाचंही. मग त्यांनी मला कॅचर ठेवावं की नाही, ते त्यांनी ठरवावं. एक खरी साक्ष आणि सहा वर्षांच्या रविवारांची माफी, एवढं मी त्यांचं देणं लागतो.