तेवीस तुकडे उरले

सलीमभाऊ गेल्याची खबर आली तवा मी न्हाव्याच्या खुर्चीत बसून होतो अन् माझी अर्धी दाढी झाली होती. डावा गाल साफ, उजव्यावर साबन. सलीमभाऊची बायको शमीमभाभी, तिचा भाऊ दुकानाच्या दारातूनच बोलला, "रामदासभाऊ, सलीमभाई गेले. सकाळची नमाज पढून बसले, ते बसल्या बसल्याच..." मी तसाच उठलो. न्हावी मांगून "अरे, टॉवेल तं देऊन जा" म्हनत राह्यला. गळ्यात त्याचा टॉवेल, एका गालावर चार दिवसाची दाढी, अशा अवतारात मी मयतीत गेलो. कबरस्तानात मौलाना माझ्याकडे पाहे अन् लगेच दुसरीकडे पाहे. लोकायले वाटलं, रामदास दुःखानं बह्याड झाला. पन खरं सांगू का... मले पह्यले दुःख झालंच नाई. पह्यले सुटल्यासारखं वाटलं. एक गोष्ट आमच्या दोघातच होती, आता ते सांगनारा कोनी उरला नाई, असं मनात आलं. अन् मंग असं मनात आल्याचंच भेव वाटलं.

मयतीचा चाळिसावा दिवस होऊन गेला आता. पेपरच्या पुरवनीवाल्यानं निरोप धाडला, तुम्ही त्याचे जोडीदार, काही लिहून द्या. मी शाळेत गेलो तो फक्त छपरावरचे कवेलू बदलाले. म्हनून मी सांगून राह्यलो अन् लिहून राह्यली सलीमभाऊची पोरगी, नसरीन. ती दुबईले नर्स आहे, सुट्टी काढून आली. मी तिले म्हनलं, बेटा, मी जे बोलतो ते सारं लिहायचं, मधात थांबायचं नाई. कारन ते गोष्ट आज सांगायची आहे, तिलेच सांगायची आहे, अन् तिच्या तोंडाकडे पाहून सांगायची माझ्यात हिंमत नाई. म्हनून मी खोलीतल्या जहाजाकडे पाहून बोलून राह्यलो. जहाज कोनतं, ते पुढं येते.

गडचांदूरकडे चुन्याच्या दगडाची एक लहान खदान होती, आता बंद पडली. सलीमभाऊ तिथी बार उडवनारा अन् मी त्याच्या हाताखाली लाल झेंडीवाला. दगडात भोकं पाडायची, बारूद भरायची, लहानमोठ्या वाती लावायच्या, म्हन्जे बार एकामांग एक फुटते. जितके भरले तितके फुटले पाह्यजे. एक कमी ऐकू आला तं समजायचं, तो न फुटता आत झोपून आहे. मंग अर्धा घंटा कोनी जाग्यावरून हलायचं नाई. चहा नाई, बिडी नाई, नुसतं बसून राहायचं. म्हनून मोजाले दोन मानसं. एक सलीमभाऊ, दुसरा मी. मले तवा विसाच्या वर मोजता येत नव्हतं, पन विसाच्या वर बार कधी भरतच नव्हते, म्हनून नोकरी टिकली.

त्या दिवशी अकरा भरले होते. मी झेंडी घेऊन रस्त्यावर उभा. तिथी दगड भरनाऱ्या बाया बसून होत्या, अन् त्यायले हसवायची मले लय हौस. मॅनेजर पोट पुढं काढून कसा चालते ते मी चालून दाखवून राह्यलो होतो. बाया हसून राह्यल्या, बार फुटून राह्यले. सातपर्यंत मले याद आहे. त्याच्यानंतर मी मॅनेजरच होतो. धूर उठला, सलीमभाऊनं दुरून हात वर केला, म्हन्जे किती. मी दोन्ही हाताची दहा बोटं दाखवली अन् वरून एक. अकरा भरले होते म्हनून अकरा. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत उभा राह्यला... मंग आत गेला. झोपेल बार फुटला तवा तो वीस पावलांवर होता. डाव्या हाताची दोन बोटं गेली अन् एका कानाचं ऐकू येनं गेलं.

बेटा, लिही. तुले घरी सांगतलं होतं का अब्बाची मोजनी चुकली. मॅनेजरलेही त्यानं तेच सांगतलं, "गिनती मेरी गलत थी." मले कोनी विचारलंच नाई. मी काय केलं? मी आरमोरीकडे सासरी पळून गेलो अन् एक महिना धान साठवायच्या ढोलीमांग लपून बसलो. सासू म्हने, "जावई बीमार आहे का?" बायको म्हने, "बीमार नाई, भ्याला आहे, पन कायले भ्याला ते सांगत नाई." वापस आलो तं सलीमभाऊ पट्टी बांधेल हातानं दारातच बसून होता. म्हनला, "कुठी गेला होता बे? बस. चहा पी." बस, इतकंच. त्याच्यानंतर पंधरा वर्षं आम्ही रोज भेटलो अन् रोज मले वाटे, आज तो म्हनन का मोजनी तुझी चुकली. त्यानं कधी म्हनलं नाई. मी मोजनीचं काम सोडलं ते कायमचं. आता बँडपार्टीत झांजा वाजवतो, अन् वरातीवाले सांगतीन तुम्हाले, तिथीही माझा ताल चुकते.

मंग त्याच्या दिलाचं दुखनं निघालं. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, मेहनत नाई, जास्त वेळ वाकून बसायचं नाई, धसका बसन असं काही नाई. ज्याची जिंदगी धसक्यात गेली त्याले म्हने धसका नको. घरी बसून त्याचे हात इतके तळमळे का त्यानं साऱ्या मोहल्ल्याच्या कड्या-कोयंड्यायले तेल दिलं. ते पाहून नसरीननं खोकं धाडलं. तिच्या ओळखीच्या घरचे लोक दुसऱ्या देशात जाऊन राह्यले होते, त्यायनं बंदचं बंद देऊन टाकलेलं. खोकं एवढं का शमीमभाभीले वाटलं मिक्सर आला. आत पिशव्याच पिशव्या, अन् त्यात प्लास्टिकच्या बारक्या-मोठ्या इटा, पाच हजारावर. एकीवर एक दाबली का बसते. त्याचं बनायचं होतं एक जहाज, आकाशात ताऱ्याताऱ्यात फिरनारं, असं कुठी नसते पन गोष्टीत असते. करड्या रंगाचं, मधात फुगेल, मांग दोन शेपट्या. अन् सोबत जाडं पुस्तक. त्या पुस्तकात अक्षर एक नाई, नुसते चित्र. उमरच्या पन्नाशीत मी पह्यल्यांदा पुस्तक वाचलं, अन् तेही पान न सोडता.

सलीमभाऊनं मधली खोली खाली केली. दारात मले थांबवे अन् म्हने, "खिसे उलटे कर." बारूदघरात जाताना माचीस-बिडी बाहेर ठेवा लागे, तीच सवय. मी म्हनो, "भाऊ, प्लास्टिक आहे, फुटत नाई." तो म्हने, "तुझ्या खिशात एक तुकडा गेला तं शोधाले तुझ्या घरी येऊ का? तुझ्या घरी तुझी चप्पल सापडत नाई." साऱ्या घरच्या थाळ्या, वाट्या त्यानं इटायनं भरून टाकल्या. भाभी बिचारी भाजी पातेल्यातूनच वाढे. आठ बोटांनी तो तुकडा उचले, वाकडा-तिकडा पाहे अन् असा हळूच बसवे का मी श्वास रोखून धरो. मी बसवला तुकडा तं हमेशा उलटा. पूर्ण एक शेपटी मी उलटी लावली होती. तो म्हनला, "हे जहाज निघन वरोऱ्याले अन् पोचन कोरपन्याले."

पन एक वेळ असा होता का मले तिथून पळून जावं वाटे. दुपारी गावाजवळच्या दुसऱ्या, मोठ्या खदानीचे बार होते. भोंगा वाजे, मंग घर हाले, वाट्यातल्या इटा खुळखुळ करे. सलीमभाऊ दोन्ही हात जहाजावर ठेवून त्याले धरून बसे. अन् त्याची नजर माझ्या ओठावर. एका कानानं त्याले दूरचं पुरतं ऐकू येत नव्हतं, म्हनून जुन्या सवयीनं तो पाहे, रामदास मोजून राह्यला का. मी ओठ असे गच्च मिटून घेओ का दात दुखे. बार थांबले का तो म्हने, "चाल, पुढचं पान."

वीस-बावीस दिवसांनी जहाज पुरं झालं. अन् थाळीत तुकडे उरले. बारके बारके, मुगाएवढे. सलीमभाऊनं मोजले, तेवीस. त्यानं पुस्तक पह्यल्या पानापासून पाह्यलं, शेवटपर्यंत पाह्यलं. कुठी काही खाली दिसत नव्हतं. पन भरले तितके फुटले पाह्यजे अन् इथी तं तेवीस आत गेलेच नव्हते. त्याचा चेहरा असा झाला का मले खदानीतला धूर आठवला. दोन दिवस तो नीट जेवला नाई. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तं जहाज खोलून सारे तुकडे पुन्हा वाट्यात. भाभी दारात उभी. "समजवा ना रामदासभाऊ, डॉक्टर काय बोलला ते," म्हने. मी समजवलं. तो म्हनला, "कुठीतरी कमी आहे. कमी असताना सोडून देऊ?" मी म्हनलं, पोरीले फोनवर विचारून पाहू. तं म्हने, "खबरदार. तिले वाटन बापाले इतकंही जमत नाई."

दुसऱ्यांदा सोळा दिवस लागले. पुरं झालं अन् पुन्हा तुकडे उरले. सलीमभाऊ भिंतीले टेकला. घाम फुटला होता, श्वास वर वर चालून राह्यला होता, अन् त्यानं थाळी माझ्याकडे सरकवली. "तू मोज," म्हनला. "किती?"

वीसच्या पुढची मोजनी त्यानंच शिकवली होती. मी एक म्हनलो असतो, दोन म्हनलो असतो, बाकी मुठीत लपवले असते, तं तो शांत झोपला असता. नाई तं तिसऱ्यांदा खोलायचं, अन् तिसऱ्यांदा त्याच्या दिलाचं काय झालं असतं ते मले समोर दिसून राह्यलं होतं. मूठ मिटलीही होती मी. मंग त्याचा तो हात दिसला, थाळीच्या काठावर ठेवलेला... मी मूठ उघडली. "तेवीस," म्हनलो. "भाऊ, अन् त्या दिवशी मी मोजलंच नव्हतं. सातच्या पुढं मोजलंच नव्हतं." अन् मी असा रडलो का नाकातलं पानी थाळीत पडलं.

सलीमभाऊनं थाळी उचलून बाजूले ठेवली. म्हनला, "इटा भिजवू नको." मंग म्हनला, "मले दहाच ऐकू आले होते." मी म्हनलं, "मंग गेले काऊन आत?" तो म्हनला, "ट्रका उभ्या होत्या. मॅनेजर घडीघडी घड्याळ पाहे. मलेही अकराच पाह्यजे होते. तू दाखवले अन् मी घेऊन टाकले." मी विचारलं, "मंग पंधरा वर्षं बोलले काऊन नाई?" "तू काऊन नाई बोलला?"

मी घाबरत घाबरत विचारलं, आता पुन्हा खोलायचं का. तो म्हनला, "नाई. झोपेल बारासाठी काय करते? बसून राहाते." भाभीले म्हनला, कोनाले आत येऊ देऊ नको. अन् आम्ही दोघं म्हातारे त्या जहाजापुढं अर्धा घंटा बसलो, घड्याळ लावून. चहा नाई, बिडी नाई. मधात दुपारचे बार झाले, जहाज जरासं हाललं, मी त्याचा हात पकडला. त्यानं सोडवला नाई. अर्धा घंटा झाला तवा तो उठला अन् म्हनला, "चाल. आता जवळ जायले हरकत नाई." त्याच्यानंतर महिना-दीड महिना तो जगला.

इथी नसरीनचा पेन थांबला. मले वाटलं, आता ती बोटांचं बोलन. मी मान खाली घातली. ती म्हनली, "चाचा, ते तुकडे उरतेच. हरवले तं असावे म्हनून बारके तुकडे खोक्यात जास्तीचेच टाकून देते." मी पह्यल्यांदा तिच्याकडे पाह्यलं. चेहरा पांढरा पडला होता. "मले माहीत होतं हे," ती म्हनली. "मी एका शब्दानं फोनवर सांगतलं असतं तं अब्बानं खोललंच नसतं. पुन्हा सोळा दिवस वाकून बसले नसते." तो चेहरा मले ओळखीचा आहे. पंधरा वर्षं मी आरशात तोच पाहत आलो.

तिले काहीतरी सांगा लागत होतं, अन् मले भेव वाटलं का मी पुन्हा उगीच काही बोटं दाखवून मोकळा होईन. म्हनून घाई केली नाई. एक एक दिवस आठवून पाह्यला. मंग म्हनलं, "बेटा, तेवीस उरले तवाचे दोन दिवस तो भ्याला होता. अन् सोळाव्या दिवशी भ्याला. तीन झाले. मधातले बाकीचे दिवस तो खुश होता. अर्धं जहाज पुस्तक न पाहता बांधलं त्यानं, अन् मले चूप बसवून स्वतः गानं म्हने. एक दिवस तं दोन रोट्या जास्तीच्या खाल्ल्या, भाभीले विचार."

नसरीन जहाजाकडे पाहत राह्यली. मंग डोळे पुसून तिनं पेन उचलला. "पक्कं ना, चाचा?" म्हनली. "तीनच दिवस?"

मी लगेच हो म्हनलो नाई. जहाजाकडे तोंड करून बसलो अन् पह्यल्या दिवसापासून पुन्हा मोजाले लागलो.