कापडावरचे दगड

आमचा दादा कपडे शिवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. वहिनीही म्हणते, पण ती रागावली किंवा चेष्टेत आली की.

दुकानातल्या लांब टेबलावर कापड पसरलं, की सरकू नये म्हणून तो चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवतो. तळहाताएवढे, पानासारखे निमुळते. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आणून दिलेले. आप्पा जन्मभर दगडखाणीत राबले. पुढे आप्पा गेले, खाणही बंद पडली, नुसते खड्डे उरले. लोखंडी वजनं घे म्हटलं तर दादा म्हणतो, "राहू दे गं. आप्पांचा हात असल्यासारखं वाटतं कापडावर."

गेल्या वर्षी त्याच खड्ड्यांत आदिमानवाची हत्यारं सापडली. खोदकामाला आलेल्या संशोधक बाई पिशवीला चेन बसवून घ्यायला दुकानात आल्या आणि टेबलापाशी थबकल्याच. मी तेव्हा काज-बटणं करत होते.

"मास्तर, हे कुठले?"

"आमच्या वडिलांनी आणले, खाणीतून."

"अहो, या दगडी कुऱ्हाडी आहेत! लाखो वर्षांच्या. संग्रहालयात हव्यात या."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनी मात्र खूश. "बघा! मला वाटलं, या घरात सगळ्यात जुनी वस्तू मास्तरच."

बाईंनी उघडे तीन दगड भिंगातून एकेक करून पाहिले आणि कपाळाला हात लावला. "धार कुणी घासली यांची?"

"आप्पांनी," दादा म्हणाला. "माझं काम नवीन होतं. एकीच्या रेशमी कापडात धार अडकली, धागा ओढला गेला. आता कोण काम देणार म्हणून मी रडकुंडीला आलो. आप्पा दिवसभर दगड फोडून आलेले, तसेच अंगणात बसले धार घासत. आई वरून पाणी ओतत होती."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, "घडवणाऱ्याचे घाव धारेवरच वाचता येतात हो, ते इथे पुसले गेले. फोटो घेते मी. हे तिन्ही तुमच्याकडेच राहू द्या."

दादाने केवढा श्वास सोडला! पण चौथा दगड चिंधीत गुंडाळलेला होता. दादाने ती नाइलाजाने सोडली. "हा शेवटचा. घासायच्या आधीच आप्पा गेले."

याची धार शाबूत होती. बाईंचे डोळे चमकले, पण त्या एवढंच म्हणाल्या, "जबरदस्ती नाही, मास्तर."

दादा बराच वेळ त्यावर अंगठा फिरवत राहिला. "हा आप्पांनी नुसता आणला," तो शेवटी म्हणाला. "घडवला दुसऱ्याच कुणी. इतकं सुबक काम मी चिंधीत कोंबून काय ठेवू? न्या."

मी मनातल्या मनात आप्पांना हात जोडले, आणि त्या अनोळखी कारागिरालाही. देवाला ठाऊक, कोण होता बिचारा.

"थांबा," म्हणत दादाने टेप काढली आणि दगडाचं माप घ्यायला लागला. लांबी, घेर, सगळं.

"गळा किती ठेवायचा तेही विचारा त्याला," वहिनी म्हणाली. पण तिने पदर डोळ्यांना लावला होता.

"मास्तर, तिथे काचेत उघडाच ठेवतील," बाई म्हणाल्या.

"वाटेपुरतं हो. कुणाला लागायला नको."

दादाने अस्तर लावून, दुहेरी टीप मारून पिशवी शिवली, दातांनी दोरा तोडला, दगड आत घातला आणि नाडी ओढून ती बाईंच्या ओंजळीत ठेवली.