मागाला बांधलेली सुमन

सुमनच्या कमरेला दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक हातमागाच्या खांबाला. नऊ वर्षांची पोर! एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी लहान मुलांची डॉक्टर, गॅस्ट्रोच्या साथीत शहापुरात घरोघर फिरत होते. शाळा बंद होत्या.

"अहो आक्का, पोरगी आहे का जनावर?" मी तिच्या आईवर ओरडले.

"काय करू बाई? सोडली की पळतीया. मिळंल तिथलं पाणी पितीया. आन हेडमास्तर म्हणत्यात, शाळा उघडली की परीक्षा घेतो. एका जागी न्हाय बसली तर दाखला घेऊन जावा."

म्हणजे शिक्षण संपलं. घर आणि माग.

आज ज्याला एडीएचडी म्हणतात त्याला आम्ही तेव्हा हायपरकायनेटिक म्हणायचो. सतत चुळबुळ, लक्ष टिकत नाही. लाड नव्हेत, बाहेरची बाधा तर नव्हेच. मी ऐटीत वेळापत्रक लिहून दिलं: रोज सकाळी दोन तास पाटी घेऊन बसणं. काय माझी अक्कल! जिला बसताच येत नाही, तिला मी बसायचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी दोरी परत कमरेला.

"कांड्या भराय दिल्या की गप असतीया बघा," आक्का सहज म्हणाली.

कांडी म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायची सुताची नळी. रहाट फिरवून ती भरतात. मी वेळापत्रक बदललं: सुमनचा हात रहाटावर, तोंडानं पाढे. एक कांडी भरली की घरात दोन फेऱ्या, मग पुढचा पाढा. दोरी सुटली. उकळलेल्या पाण्याची कळशीही तिच्याच ताब्यात दिली.

शाळा उघडली. मी सोबत गेले. आक्कानं चक्क रहाट उचलून आणला.

"ही शाळा आहे की कारखाना?" हेडमास्तर कडाडले.

"तुम्ही पाढे विचारा," मी म्हटलं.

रहाट फिरवत सुमननं वीसपर्यंतचे पाढे न अडखळता म्हटले. धडा उभ्यानं वाचला.

"येतंय सगळं," हेडमास्तर कुरकुरले, "पण मुलगी स्थिर नाही."

"सर, वीस मिनिटांत तुम्ही पाच वेळा खुर्चीतून उठलात. दोनदा शिपायावर ओरडायला, दोनदा खिडकीतून बघायला आणि एकदा उगीचच. तुमचा दाखला कुणाकडे मागू?"

आक्का पदर तोंडाला लावून हसली. दाखला निघाला नाही. सुमनला मागच्या बाकाजवळ उभं राहायची परवानगी मिळाली.

तेव्हापासून वेळापत्रक लिहिण्याआधी मी पोराच्या आईला विचारत आले. हेडमास्तरांना कधीच नाही.