दसऱ्याला घासलेले झारे

"पूजा तुमची, घासणं माझं!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात आयुधपूजेची धांदल चालली होती. सखूनं भट्टीवाल्या अप्पारावला असं ठणकावलं आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या रसावरचा मळ काढायचे लांब दांड्यांचे झारे धुऊन लख्ख केले. धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळूनही ठेवले. नारळ-कुंकवाशी तिचं देणंघेणं नव्हतं. दसऱ्याला तिच्या मलकपेठच्या घरी बुद्धवंदना. पण स्वच्छता म्हटली की बाई कुणाचं ऐकायची नाही.

नांदेडकडून लग्न होऊन ती हैदराबादेत आली. अकरा वर्षं या कारखान्यात कंत्राटावर राबत होती. इथं इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी ॲल्युमिनियमचे खोके ओततात. सखूचं काम एकच: खोक्यात हवा भरायची, तो हौदात बुडवायचा आणि डोळे फाडून बघायचं. बुडबुडा म्हणजे भोक, भोक म्हणजे बॅटरीत पाणी. येत्या सोमवारी तिला कायम केल्याचं पत्र मिळणार होतं.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच खोक्यातून मोहरीएवढे बुडबुडे सुटले. दुसऱ्यातून सुटले, तिसऱ्यातूनही.

"अप्पाराव, रस बिघडवलास तू!" कारखान्याचा इंजिनिअर आदर्श कडाडला. "उद्यापासून भट्टीवर दुसरा माणूस."

"नै सार! सगळं रोजच्यासारखंच केलं. झारे जरा दमट होते, ते पण भट्टीच्या तोंडाशी धरून वाळवले."

"दमट? कुणी धुतले होते?"

अप्पाराव जमिनीकडं बघत राहिला.

सखूनं हौदातून हात काढून पदराला पुसले. सोमवार चार दिवसांवर होता.

"मी धुतले, सर. गुंडाळले पण मीच."

आदर्श तिच्याकडं वळला. "मावशी, झाऱ्याला धातू चिकटू नये म्हणून लेप असतो, त्यात पाणी मुरतं. प्लास्टिकमध्ये ते सुकतही नाही. वरून कोरडं दिसतं, पण रसात गेलं की त्याचा वायू होतो. रस थिजताना त्याचीच भोकं पडतात. आणि पाणी जास्त असतं, तर रस उसळून याच्या तोंडावर आला असता!"

"हौ," सखू म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं."

"साहेबांना सांगावं लागेल मला. तुमचं पत्र..."

"सांगा. पण याला काढू नका."

आदर्श गेल्यावर अप्पाराव पुटपुटला, "अक्का, गप्प बसायचं होतं ना!"

"तू बसलास तेवढं पुरे."

झारे दिवसभर तापवले, नवा रस ओतला. नव्या खोक्यातून एक बुडबुडा आला नाही. अप्पाराव भट्टीवर राहिला. सखूचं पत्र मात्र सहा महिने पुढं गेलं.

दौलत, तिचा नवरा, कोठी भागातल्या दवाखान्यात वॉर्डबॉय. ऐकून तो जेवता जेवता थांबला. "चार दिवस कळ काढली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

"अकरा वर्षं त्याच्या डब्यातली गोंगुराची, म्हणजे अंबाडीची चटणी खाल्ली मी. त्याचाच डबा बंद करू व्हय?"

दौलतनं बोटांवर महिने मोजले. "म्हणजे एप्रिल. जयंतीला पेढे वाटू मग," म्हणाला, आणि तिच्या ताटात भाकरी वाढली.