गाडीच्या पोटातल्या तीन चाव्या

तीस वर्षं मी नाटक कंपनीत खलनायक रंगवले. सूड म्हटला की मिशीला पीळ, मोठे डोळे आणि रंगमंचावर पायाचा दणका, एवढंच मला ठाऊक होतं. खरा सूड मी पाहिला तो मंगरूळपीरच्या बाजारात, अमिरुन्निसाभाभींच्या कुलूप-चाव्यांच्या टपरीत. चष्मा लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या बाईचा.

टपरी मूळची त्यांच्या नवऱ्याची, गफ्फारभाईंची. आमच्या कंपनीच्या पेट्यांची कुलपं त्यांच्याच हातची. एकदा मुकुटाची पेटी उघडेना आणि पडदा वर जायला दहा मिनिटं उरलेली. गफ्फारभाई आले, सायकलच्या तारेनं पेटी उघडली, पैसे घेतले नाहीत. पहिल्या रांगेत बसून नाटक पाहिलं आणि माझ्या मरणावर सर्वांत आधी टाळी वाजवली!

अकरा वर्षांपूर्वी नरेंद्रशेठ अडत्याचं पिकअप त्याच्या दुकानासमोरून चोरीला गेलं. महिनाभर आधी त्यानंच गफ्फारभाईंकडून त्याची दुसरी चावी करून घेतली होती, मेव्हणा हरीओम याच्यासाठी. पण चोरी होताच शेठला आठवला तो चावीवाला. भर बाजाराच्या दिवशी त्यानं गफ्फारभाईंना टपरीतून ओढून काढलं, चपलेनं मारलं. "चोराले चाव्या बनवून देते हा!" असं ओरडत ठाण्यापर्यंत नेलं. मी तिथंच होतो. चार हजार लोकांपुढं संवाद म्हणणारा मी, त्या दिवशी एक शब्द बोललो नाही.

पोलिसांना काही सापडलं नाही, तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. पण ज्याच्या हाती घराची चावी द्यायची, त्याच्यावर संशय आला की धंदा संपतो. गफ्फारभाई आसेगाव, मेडशी असे बाजार सायकलवर फिरू लागले. चार वर्षांनी गेले. चोर हे नाव मात्र त्यांच्यामागं गावात राहिलं, आणि भाभींचं सगळं जगणं ते नाव पुसण्यासाठी होतं.

नवऱ्याचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांनी टपरी पुन्हा उघडली. मुलगी यूसरा हिच्याकडून लॅपटॉप शिकल्या. अकोल्याला जाऊन नव्या गाड्यांच्या चाव्यांचं काम शिकल्या. मी विचारलं, "भाभी, या वयात एवढा खटाटोप काहून?"

"नरेंद्रशेठनं नवी गाडी घेतली ना मास्तर," त्या म्हणाल्या. "कधी ना कधी चावी हरपनच त्याची."

सात वर्षं वाट पाहिली त्यांनी.

या चैत्रात शेठ पोहरादेवीच्या यात्रेला गेला. एक चावी आधीच हरवलेली होती, दुसरी गर्दीत खिशातून गेली. गाडीच्या कंपनीवाले म्हणाले, नवी यायला तीन आठवडे. शेवटी पांढरी गाडी क्रेननं ओढत भाभींच्या टपरीसमोर आली. शेठ उतरला, हरीओम मोटारसायकलवर मागोमाग. शेठची नजर जमिनीवर.

"भाभी, तेवढं काम करून द्या."

"कागद दाखवा," भाभी म्हणाल्या. "गाडीचे आन तुमचे आधार. आमच्याकडे बिनाकागदाची चावी बनत नाई. आधीबी बनत नव्हती."

कागद पाहून त्यांनी चावीचं पातं घासलं. दार उघडलं. शेठ खूश होऊन चावी फिरवायला गेला, तर इंजिन नुसतं घरघरलं.

"पातं दार उघडते," भाभी म्हणाल्या. "चावीच्या डोक्यात एक चिप राह्यते. तिचा नंबर गाडीनं वळखला तरच इंजिन पेटते. साबणावर ठसा घेऊन चोरी करायचे दिवस गेले."

त्यांनी लॅपटॉपची वायर गाडीला जोडली. पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन कळा दाबल्या आणि चष्मा काढला.

"शेठ, कंपनीनं चाव्या किती देल्या होत्या?"

"दोन."

"गाडीच्या पोटात तीन होत्या."

"होत्या म्हणजे?"

"आता एकबी नाई. मी साऱ्यांचे नंबर पुसले. हरपलेली चावी कोणाले सापडली तर धोका नको. पण तिसरी कोनाची, हे तुमी पाहा. दोन चाव्या हातात असतानाच कोनीतरी बाहेरून करून आणेल हाय."

शेठ आधी गोंधळला. मग चेहरा हळूहळू बदलत गेला. वर्षभर गाडीतलं डिझेल गायब होतंय म्हणून त्यानं दोन ड्रायव्हर हाकलले होते. तो वळला, तर हरीओम मोटारसायकलला किक मारत होता.

"थांब बे! डिक्की उघड!"

"भाऊजी, मले काम हाय थोडं..."

"उघड म्हनलं ना!"

डिक्कीत पान्याखाली काळ्या डोक्याची चावी निघाली. शेठनं ती गाडीला लावून पाहिली. दार उघडलं. इंजिन पेटलं नाही, समोर चावीचं लाल चित्र लुकलुकत राहिलं.

"कायले केली रे ही?"

"भाड्यानं लावत होतो... कधीमधी."

"आन ते पिकअप?"

हरीओम डिक्कीचं झाकण लावू लागला. पाहता पाहता त्याचे कान लाल झाले. रंगमंचावर अशी शांतता मला तीस वर्षांत कधी जमली नाही.

शेठ टपरीच्या फळीला धरून उभा राहिला. "भाभी, चूक झाली. पिकअप यानंच इकलं असन. आता नवी चिप टाका, मी काय लागन ते देतो."

भाभींनी नवी चावी त्याला दाखवली आणि गल्ल्यात ठेवून कुलूप लावलं.

"आज नाई."

"काहून?"

"आज गर्दी नाई. माह्या नवऱ्याले मारलं तवा बाजार होता. परवा बाजार हाय. तठीच उभं राहून, तेवढ्याच आवाजात सांगजा. मग गाडी चालू होईन."

"भाभी, माही इज्जत..."

"आमच्या घरचीबी गेली होती, शेठ."

शेठ वकिलाची धमकी देऊन निघून गेला. पण गाडी दोन दिवस तिथंच उभी. चहाला येणारा प्रत्येक जण विचारी, कोणाची गाडी, काहून बंद? भाभी काही सांगत नव्हत्या. मी सांगत होतो, अगदी अभिनयासकट. हरीओमच्या किकपाशी तर लोक पुन्हा म्हणायला लावत.

बाजाराच्या दिवशी शेठ आला. भाज्यांच्या ढिगांमध्ये उभा राहिला आणि पुटपुटला.

"आयकू नाई आलं!" कांदेवाली ओरडली.

"गफ्फार चोर नव्हता!" शेठ मोठ्यानं म्हणाला. "चोर माह्या घरात होता. मी बिनागुन्ह्याचा त्याले मारलं!"

बाजार थबकला. यूसरानं आईचा हात धरला. भाभींनी तो सोडवून घेतला, कारण त्यांना चिपचा नंबर टाकायचा होता. दोन मिनिटांत इंजिन सुरू झालं.

शेठनं हात जोडले. "माफ करा भाभी."

"माफी मी देऊ शकत नाई," भाभी म्हणाल्या. "ज्याची होती तो कबरस्तानात हाय. तुमची चावी घ्या आन गाडी हलवा, गिऱ्हाईक उभं हाय."

खरंच, मागं एक म्हातारा घराच्या कुलपाची चावी घेऊन उभा होता. अकरा वर्षांपूर्वी त्यानंही या टपरीवर येणं सोडलं होतं. भाभींनी त्याला ओळखलं, त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं, आणि चावीसाठी हात पुढं केला.