मॅडमची भिंत

पोळीचा काठ कच्चा राहिला की मॅडम ती पोळी ताटातून उचलून माझ्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खाऊन दाखव." मी उभ्या उभ्या खायचे. शेवटचा घास उतरेपर्यंत त्या बघत राहायच्या. मारेगावात तीन वर्षं मी त्यांच्याकडे स्वयंपाक केला. अजूनही मी पोळीचा काठ दोनदा दाबते.

मॅडम घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायच्या. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून त्यातली चूक दाखवणारा एक तपासनीस कॉम्प्युटरमध्ये असतो, तो त्या सांभाळायच्या. माणसांनाही त्या तशाच वाचायच्या. मी दारात चप्पल काढेपर्यंत माझी चूक त्यांना सापडलेली असायची. फक्त घरातल्या म्हाताऱ्या आईची वेणी त्या रोज स्वतः घालायच्या, तेव्हा कोणाला बोलायच्या नाहीत.

काम अडलं की त्या स्वयंपाकघरात येऊन सगळं मोठ्याने मला सांगायच्या. "तुले सांगणं म्हणजे भिंतीले सांगणं. भिंत उत्तर देत नाही, तेच बरं." मी कणीक मळत राहायचे.

एकदा तपासनिसाला एक चूक दिसतच नव्हती. चार दिवस झाले. मॅडमनी ओट्यावर चिकटवलेल्या माझ्या कामाच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हे पाह्य, तो प्रोग्रामबी असाच हाय. जितक्यांदा नळ येईन तितक्यांदा हंडा भर. मग हंड्यातलं पाणी फिल्टरात ओत. यात काय चुकलं? तरी तिकडं प्रोग्राम बंद पडून राह्यला."

त्या आठवड्यात नळ आलाच नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अन् नळ एकदाही आला नाही तं?"

मॅडम तशाच कॉम्प्युटरकडे गेल्या. नळ एकदा तरी येणारच, असं तपासनीस धरून चालला होता. रिकाम्या हंड्याचा विचारच त्यात नव्हता. दुपारपर्यंत त्यांनी दुरुस्ती केली.

मग माझे हात पिठाने भरलेले असतानाच त्यांनी मला लॅपटॉपसमोर उभं केलं. पडद्यावर त्यांच्या हाताखालची पाच-सहा मुलं-मुली होती. "ही माझी स्वयंपाकवाली. चौथी शिकलेली. तुम्हाला चार दिवसांत जमलं नाही ते हिने सांगितलं. उद्यापासून तुम्ही पोळ्या लाटा." एक मुलगी डोळे पुसायला लागली. मी पदर तोंडावर घेतला. पडदा बंद झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "अन् तू लय शहाणी बनू नको. विचारल्याबिगर तोंड उघडलं तं दुसरी बाई पाहीन."

पावसाळ्यानंतर एका सकाळी त्यांच्या आईला, म्हणजे काकूंना, दम लागला. दारासमोर ऑटो उभा होता. मॅडम म्हणाल्या, "ऑटोत नको, धक्के बसतीन. वणीहून दादा गाडी घेऊन निघाला. तो आला की दवाखान्यात नेऊ." 'अन् दादा वेळेत आले नाही तं?' हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि काकूंचे पाय चोळत बसले. ऑटोवाला दुसरं भाडं घेऊन गेला. दादा कोळशाच्या ट्रकांमागे अडकले होते. ते पोचले तेव्हा काकू गेल्या होत्या. वेणी अर्धीच घातलेली होती.

तेरावं झाल्यावर मॅडम घराला कुलूप लावून पुण्याला निघाल्या. पायरीवर मला म्हणाल्या, "नळाच्या टायमाले सुचलं होतं तुले. त्या दिवशी काहून नाही सुचलं?"

"नाही सुचलं, मॅडम."

त्यांनी माझं तोंड वाचलं, प्रोग्राम वाचावा तसं. माझी एकही चूक त्यांनी कधी सोडली नव्हती. तेवढी एक सोडली, आणि गाडीत जाऊन बसल्या.