कान देऊन ऐकलेलं विमान

आमच्या भवानी पेठेतल्या कापड कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करणारा एक जॉबर होता. चष्म्याची काडी सुतानं बांधलेली. पेचकसाचं टोक मागाला आणि मूठ कानाला लावून तो बिघाड ओळखायचा.

चहाच्या सुट्टीत आमचा वाद ठरलेला: आपल्या देशात बनवलेलं छोटं लढाऊ विमान भारी का चीनचं? आम्ही वेगावरून भांडायचो. तो शांतपणे विचारायचा, "खोलून परत जोडायला कुणाचं सोपं हाय?"

एका दुपारी डोक्यावरून खरंच लढाऊ विमान गेलं. आम्ही बाहेर धावलो, माना वर करून बघत राहिलो. तो मात्र डोळे मिटून ऐकत होता.

"आपलंच हाय," तो म्हणाला.

"कशावरनं?"

"जरा खरखरतंय की, आपल्या मागासारखं. पर बंद न्हाय पडायचं."